बळदाची भिंत

"बगा बाई, लागलं का कायी बोटाला?"

काकू उजव्या हाताचं बोट फळीवरून, देवळीतून, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवरून फिरवायच्या आणि समोरच्याच्या नाकापुढं धरायच्या. बोटाला काहीच लागलेलं नसायचं. आपण 'नाही' म्हणेपर्यंत ते बोट तिथंच राहायचं. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. गावात एखादी असतेच, जिच्या उंबऱ्याबाहेर आपण आधी स्वतःचे पाय बघतो. पण आमच्या काकूंची सर त्यातल्या कुणाला यायची नाही.

मी पेडगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले तेव्हा त्यांच्या ओसरीलगतची खोली मला भाड्यानं मिळाली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद सुरू झाल्यानंतरची ती वर्षं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी माझी खोली तपासली. फळीवरच्या पुस्तकांवरून बोट फिरवलं, ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात लय ग्यान असतंय म्हनतेत. धूळ पुसायचं कुटं लिवलेलं नसंल." मी त्याच दिवशी जुन्या साडीचं फडकं केलं आणि जोवर तिथं राहिले तोवर ते हातातून सुटू दिलं नाही.

त्यांचं घर मातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचंच सपाट छत. त्या घराची एक भिंत मात्र नुसती भिंत नव्हती. एका बाजूला माजघर, दुसऱ्या बाजूला आतली खोली, आणि मधली भिंत पोकळ. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अशी भिंतीच्या पोटात धान्याची जागा असते, तिला बळद म्हणतात. माळवदावरच्या भोकातून ज्वारी आत ओतायची आणि खाली भिंतीला ठेवलेल्या छोट्या तोंडातून लागेल तशी काढायची. पुढं पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि बळद बंद झालं. पण बळद कधी झाडून रिकामं करायचं नाही अशी रीत. तळाला धान्य राहू द्यायचं, म्हणजे लक्ष्मी घर सोडत नाही. काकूंनी गुडघाभर ज्वारी आत तशीच ठेवली, तोंड मातीनं लिंपलं, वरचं भोक फरशीचा तुकडा ठेवून बुजवलं आणि त्या भिंतीला घरातल्या देव्हाऱ्याच्या खालोखाल मान दिला. भादव्यातल्या महालक्ष्म्या तिच्याच पुढं उभ्या राहायच्या. घरातल्या बाकीच्या भिंती सणासुदीला सारवल्या जात, ही मात्र दर शुक्रवारी.

मी येण्याआधी त्या घरात एक सून येऊन गेली होती. इंदू तिचं नाव, राणीसावरगावची. एक-दोन पावसाळे नांदली आणि दम्याची निघाली म्हणून तिला माहेरी पोचवलं. हे मला काकूंनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता, फसवणूक झालेल्या माणसाच्या सुरात. आईबापानं पोरीचं दुखणं लपवलं, असं त्यांचं ठाम मत होतं. लग्नाआधी ती रानात गड्यासारखी राबायची हे त्यांच्या कानावर आलं होतं, पण ते आम्हाला दाखवायला, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग होता, पण भाजीच्या काड्या मोडताना हात मधेच थांबत होता, हेही मी पाहिलं.

मग सुमन आली, येलदरीची. या खेपेला काकूंनी मानपान पाहिला नाही, पोरीची छाती पाहिली. मुलगी बघायला गेल्या तेव्हा त्यांनी तिला भरली घागर घेऊन धरणाकडचा चढ चढायला लावला आणि वर येताक्षणी नाव विचारलं. सुमननं एका दमात स्वतःचं, बापाचं आणि गावाचं नाव सांगितलं. काकूंनी तिथंच सुपारी फोडायला सांगितली. ही गोष्ट त्या गल्लीला इतक्या वेळा ऐकवायच्या की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

सुमनवर त्यांनी खरंच माया केली. आतली खोली जोडप्याला दिली आणि तिचं अंथरूण बळदाच्या भिंतीला लावून दिलं, कारण ती जागा वाऱ्याच्या तोंडी नाही आणि शेजारी लक्ष्मी आहे. इंदूचं अंथरूणही तिथंच असायचं.

आषाढ लागला आणि सुमनला खोकला सुरू झाला. आधी पहाटे, मग दिवसाही. मग खोकल्याबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. विहिरीवरून घागर आणली की ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि मला बघून हसायची. येलदरीच्या पाण्यात पोहत वाढलेली ही पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

काकूंनी काय करायचं ठेवलं? आलं-तुळशीचा काढा झाला, छातीला कोमट तेल झालं. वारा लागू नये म्हणून खोलीची एकुलती एक खिडकी त्यांनी चिंध्या कोंबून बंद केली. भिंतीच्या बुडाशी ओलसर डाग उमटायचा. डाग म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे सारवायची, एवढंच त्यांना ठाऊक, म्हणून त्या रोज त्यावर शेणमातीचा हात फिरवायला लागल्या. कुबट वास येऊ लागला तसा संध्याकाळी उदाचा धूर कोंडायला लागल्या. जितकी काळजी वाढली तितकी पोरगी खालावली. आज ते आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो, कारण यातलं एकही काम त्यांनी वैरभावानं केलं नव्हतं.

पंचमीला सुमन माहेरी गेली आणि चांगली टवटवीत होऊन परतली. चार दिवस बरे गेले. पुन्हा शिट्टी. मग गल्लीच्या जिभेला हाड राहिलं नाही. माहेरी बरी आणि सासरी आजारी, म्हणजे दुखणं छातीचं नव्हे, मनाचं, असं चुलतसासूनं विहिरीवर सांगून टाकलं. काकूंचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, फारसं बोलणारे नव्हते. तेही एकदा जेवताना म्हणाले, हिलाही पोचवावी आणि पोराचं काही दुसरं बघावं. सुमन तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला.

काकू ताटावरून उठल्या.

"ही न्हाई जायची," त्या म्हणाल्या. "एकीला धाडलं तवा हे घर लय दिवस खायला उठलं हुतं. हिला धाडायचं आसंल तर आदी मला धाडा."

आबांनी हात धुतले. पण बोलणं थांबलं म्हणजे विचार थांबला असं नसतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. महालक्ष्म्या होऊ द्या, मग बघू, एवढंच ठरलं.

आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ते घडलं. मखर बांधायला काकूंचा मुलगा भिंतीत खुंटी ठोकत होता. काकू सामान लावत होत्या, सुमन सुपात तांदूळ घेऊन उभी होती, मी आंब्याची पानं ओवत होते. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला भिंतीचा मोठा पापुद्रा सुटला आणि बळदाच्या तोंडासकट माझ्या पुढ्यात येऊन पडला.

आत काय होतं ते मी कसं सांगू? आधी वास आला, मेलेल्या उंदराचा नाही, त्याहून जड, घशात बसणारा. मग दिसलं. ज्वारी ज्वारी राहिलीच नव्हती. तिची ढेप झाली होती आणि तिच्यावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, मधे हिरवी, कडेला काजळासारखी काळी बुरशी माजली होती. ती वर भिंतीवर चढली होती. दिवा आत धरला तर जिथवर उजेड गेला तिथवर भिंतीचं पोट काळंच काळं. पलीकडच्या खोलीत, जिथं सुमनचं डोकं उशीवर असायचं, तिथं या काळ्या रानाच्या आणि तिच्या मधे सारवणाचे थर तेवढे उरले होते. गावातलं सगळ्यात स्वच्छ घर, आणि त्याच्या पोटात हे.

काकू पुढं झाल्या. त्यांचा हात आपोआप उठला, बोट त्या भिंतीच्या आतल्या कडेवरून फिरलं आणि बाहेर आलं. त्या वेळी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. त्या त्या काळ्या बोटाकडं बघत राहिल्या, आणि सत्तर बायकांच्या देखत पदर फाटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी जी चूक केली ती त्यांच्यासारखीच बाई करील. उद्या लक्ष्म्या येणार, चार बाया हळदीकुंकवाला येणार. त्यांनी केरसुणी घेतली आणि ते सगळं कोरडंच खराखरा झाडायला लागल्या. क्षणात माजघर धुरानं भरावं तसं भरलं. काळी-हिरवी पूड उजेडाच्या कवडशात तरंगत होती. माझे डोळे चुरचुरले, मुलगा खोकत अंगणात पळाला. सुमनच्या हातातलं सूप पडलं. तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. ओठ जांभळे पडत चालले होते.

त्या दिवशी बंद होता. नामांतराचाच होता, पण बाजूनं की विरोधात हे आता आठवत नाही. त्या काळात दोन्हीकडून बंद व्हायचे आणि एस.टी. दोन्हीला थांबायची. सुमनला बाजेवर घालून स्टेशनवर नेलं आणि परभणीची पॅसेंजर येईपर्यंत काकू तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या. मोकळ्या हवेत तिला थोडं बरं वाटू लागलं होतं. तेही त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदा तिच्याकडं आणि एकदा गावाकडं बघत होत्या.

परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई दिली, श्वास मार्गी लावला आणि मग चौकशी केली. ही झोपते कुठं, माहेरी बरी असते का, बुरसलेला कडबा हलवताना कुणाला धाप लागलेली पाहिली आहे का. काकूंनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ऐकून डॉक्टर म्हणाले, दुखणं पोरीत असेल-नसेल, पण ते पेटवतंय तुमचं घर. त्या बुरशीची पूड डोळ्यांना न दिसता हवेत येते आणि छातीत उतरते. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याचा जीव घेते. जोवर भिंत साफ होऊन सुकत नाही तोवर हिला त्या घरात पाऊल टाकू देऊ नका.

काकूंनी एकच विचारलं. "आन सारवून चालंल का वरून?"

"तेच तर करत आलात," डॉक्टर म्हणाले. "वरून झाकलं की आत वाढतं. ओल कुठून येते ते आधी शोधा. ओल थांबली नाही तर भिंत किती घासली तरी बुरशी पुन्हा येणार."

ओल कुठून येत होती ते मुलानं माळवदावर चढून पाहिलं. भोकावरची फरशी कधीच सरकली होती आणि भोवतीची माती वाहून गेली होती. घरात कधी थेंब गळला नाही, कारण कित्येक पावसाळ्यांचं पाणी बळद गुपचूप पीत होतं.

सुमनला दवाखान्यातून परस्पर येलदरीला पाठवलं. त्या वर्षी काकूंच्या महालक्ष्म्या ओसरीत बसल्या, माझ्या खोलीच्या दारात. बळदाची भिंत पाडायची म्हटल्यावर भावकी जमली. लक्ष्मीची भिंत आहे, पाडू नये म्हणाले. एकानं तर ती ज्वारी म्हशीला घालायचं सुचवलं. काकूंनी कुणाशी वाद घातला नाही. लेकरांना आणि गुरांना लांब ठेवलं, नाकातोंडावर ओल्या फडक्याच्या घड्या बांधल्या, आणि टिकाव स्वतः उचलला. या खेपेला आधी पाणी शिंपडून सगळं भिजवलं, मग ढेपा पोत्यात भरून खिडकीतून बाहेर काढल्या, म्हणजे घरभर पूड होणार नाही, आणि गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरल्या. चिंध्या काढलेली ती खिडकी पुन्हा कधी बंद झाली नाही. भिंतीला चिकटून असलेली गोधडी जाळली. काळं झालेलं लिंपण मूळ मातीपर्यंत खरवडलं, माळवदावर नवी पांढरी माती घालून ते धोपटलं. जिथं बळद होतं तिथं मोकळी वाट ठेवली, आणि उरलेल्या भिंतीला सुकेपर्यंत हात लावला नाही. दसरा आला तरी ती उघडी, ओबडधोबड उभी होती. गल्लीतल्या बाया बघून जायच्या आणि काकू त्यांना बघू द्यायच्या.

दसऱ्यानंतर सुमन परत आली. अंथरूण भिंतीपासून लांब घातलं. आठवडा गेला, पंधरवडा गेला. शिट्टी आली नाही. ती घागर घेऊन यायची आणि न थांबता स्वयंपाकघरात जायची. गल्लीनं काकूंचं कौतुक केलं. सून वाचवली म्हणाले. मलाही वाटलं, आता या बाईला सुखाची झोप लागेल.

पण काकू गप्प झाल्या होत्या. एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या, पुस्तकांकडं न बघता खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, इंदूलाबी दमा नव्हता."

हे माझ्या मनात येऊन गेलं होतं आणि मी ते मागं सारलं होतं. आबांना त्यांनी हेच सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आता त्याचा काय उपयोग, पोराचा संसार लागलाय. ते बरोबरच होतं. तरी दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकू मला घेऊन राणीसावरगावला निघाल्या.

इंदूच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, सगळी ऊसतोडीला गेलीत, इंदू आणि तिचा भाऊ मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. मी पुन्हा विचारलं, इंदूच का? शेजारीण म्हणाली, व्हय की, सासरहून आल्यापासून दरसाल जाते, तिच्याएवढी मोळी टोळीत कुणी उचलत नाही. काकू तिथल्या दगडावर बसल्या. ज्या पोरीला चार पावलं चालवत नाही म्हणून त्यांनी पोचवली होती, ती दरसाल ऊस वाहत होती.

फड फार लांब नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ट्रक भरणं चाललं होतं. बायका डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढत होत्या. त्यातली एक उंच, काळीसावळी, डोक्याला फडकं गुंडाळलेली, बाकीच्यांहून भराभर चढत होती. काकूंनी माझा हात धरला. ती खाली उतरली, आम्हाला पाहिलं, थबकली. मग पदर सारखा केला आणि येऊन काकूंच्या पाया पडली. सासू ती सासूच, नातं तुटलेलं असलं तरी.

पाणी दिलं तिनं. आणि काकू तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "नवी बरी हाय ना? तिला धाप लागत न्हाई ना?"

काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बळदाची भित पाडली, इंदू. आतून सगळी काळी निगाली."

इंदू खाली बघत राहिली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते, ते ती अंगठ्यानं चोळत होती.

"मी म्हनले हुते तुमाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पयल्याच पावसात म्हनले हुते, भितीतून वास यायलाय. तर तुमी माझ्याकडून सगळी भित परत सारवून घेतली."

"व्हय," काकू म्हणाल्या. "घेतली."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या रडत नव्हत्या. माफ कर म्हणाल्या नाहीत, घरी चल म्हणाल्या नाहीत, कारण चल म्हणायला त्या घरात इंदूची जागा उरली नव्हती. मुकादमानं हाक मारली तशी इंदू उठली आणि पुढची मोळी बांधली. एकटीला ती डोक्यावर घेता येईना, भाऊ ट्रकवर होता.

काकू उठल्या. धुवट लुगड्याचा काष्टा खोचून त्या चिखलात उतरल्या, मोळीला खालून हात घातले आणि ती इंदूच्या डोक्यावर चढवून दिली. इंदूनं मान सावरली आणि फळीवर पाय ठेवला. ती चढत गेली आणि काकू खाली फळीजवळ कान देऊन तिचा श्वास ऐकत उभ्या राहिल्या. तो कुठंही अडकत नव्हता.